चेहरे नटांचे, पाठ आपली

८ जानेवारी

आत्या,

लांबूनच नमस्कार, वाकून केलाय असं समज. खरोखर वाकायला इथे जागा नाही. आजोबांच्या ऑफिसात टेबलावर, खुर्च्यांवर, जमिनीवर मी फोटो पसरून ठेवलेत आणि मधल्या रिकाम्या चौकोनात मांडी घालून बसलेय. खालून सुतारांची ठोकठोक ऐकू येतेय. ती आपल्या स्वतःच्या सेटची आहे, फ्लोअर भाड्याने घेतलेल्या कुणा परक्याची नाही, म्हणून मला गोड वाटते. बाबांनाही वाटत असणार, पण ते कान किटल्याची तक्रार करत दर अर्ध्या तासाने खाली जाऊन बघून येतात.

तर बातमी अशी, की इतक्या वर्षांनी स्टुडिओ पुन्हा स्वतःचा पिक्चर काढतोय आणि दिग्दर्शन मी करतेय. तुला कुणीतरी सांगितलं असेलच, आपल्या घरातल्या बातम्यांना पाय असतात.

हे फोटो म्हणजे आपल्या प्रत्येक पिक्चरच्या पहिल्या शॉटचे. दारातून आत आल्यावर जी लांब भिंत लागते तिच्यावर ओळीने लावायचे, म्हणजे येणाऱ्याला स्टुडिओचा इतिहास कळेल, असा माझा बेत होता. लावून पाहिले तर कुणालाच काही कळेना, कारण सगळ्या पाठी. आमच्याकडे पहिल्या शॉटमध्ये घरातलं एक माणूस लागतंच आणि तेही पाठमोरं, आजोबा म्हणायचे चेहरे नटांचे, पाठ आपली, हे सगळं मी नव्या कॅमेरामनला समजावून सांगितलं. त्याने पुन्हा एकदा सगळ्या पाठींवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "बरं."

फोटोंच्या प्रती सोबत आहेत. कुठली पाठ कुणाची ते तूच सांगू शकशील. एका फोटोत मात्र कुणीच नाही, नुसतं फाटक आहे. तो बाबांनी दिग्दर्शित केलेला पहिला पिक्चर, आणि तू एडिट केलेला इथला शेवटचा. तिथे रीत कशी चुकली?

आणि आता मुख्य. मार्चमध्ये पहिला शॉट आहे. मी कॅमेऱ्यामागे असणार आणि बाबांची कंबर धरलीय. तू ये. या वेळची पाठ तुझी असू दे.

तुझी भिंगरी


१९ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद घे आणि आधी जमिनीवरून ऊठ, फरशी थंड असते.

ही मुलगी फोन का करत नाही, असं तुझे काका विचारत होते. मी म्हटलं, शहाणी आहे, फोनवर बोललेलं कापता येत नाही. पत्रात मी तीन वाक्यं खोडते आणि चौथं ठेवते. जन्मभर दुसऱ्यांचे पिक्चर कापले, आता स्वतःचं बोलणंही कापल्याशिवाय राहवत नाही.

पाठी ओळखायला मला चष्मासुद्धा लागला नाही. पहिली अप्पांची, म्हणजे तुझ्या आजोबांची. ती रीत कशी पडली हे त्यांनी तुम्हाला फार थोर करून सांगितलं असेल. खरं ते असं. पहिल्या शॉटसाठी बोलावलेला माणूस तापाने आलाच नाही. लांबलचक व्हरांड्यातून चालत यायचं आणि दोन वाक्यं हिंदीत बोलायची, एवढंच काम होतं. अप्पा म्हणाले, मी करतो. आता अप्पांचं हिंदी असं, की पहिल्या वाक्याला लाइटमन शिडीवरून उतरला आणि बाहेर जाऊन हसून आला. शेवटी कॅमेरामनने हात जोडले. म्हणाला, मालक, तिकडे तोंड करा, काही बोलू नका आणि नुसते चालत जा. तो पिक्चर धो धो चालला. मग अप्पांनी फजितीची रीत केली आणि तिला ते चेहऱ्यांचं आणि पाठीचं वाक्य नंतर जोडलं.

हिंदीचं म्हणशील तर ते सांभाळलं आईने. तुझ्या आजीने. घरात आपलं मराठी आणि धंदा हिंदीचा, म्हणून संवाद पक्के करण्याआधी लेखक ते तिला वाचून दाखवायचे. तिला कळलं की राहिलं. तिने मान वर करून "म्हणजे काय?" विचारलं की लेखक मुकाट्याने कागद उचलायचे. तिला कळलं ते थेटरात सगळ्यांना कळतं, यावर अप्पांचा देवासारखा विश्वास होता.

जाड वेणी तिचीच. जरा मागे रेलून चाललीय बघ. तेव्हा दादा पोटात होता, म्हणजे तुझा बाप त्या पिक्चरमध्ये आहे, फक्त जन्मला नव्हता. राजाच्या दरबारातला तो बुटका शिपाई म्हणजे नानाकाका. आवाजाचं काम ते बघायचे, हेडफोन काढून ठेवायला विसरले, म्हणून शिपायाच्या कमरेतून वायर लोंबतेय. सगळ्या देशाने पाहिला तो पिक्चर, वायर कुणाला दिसली नाही. दोन वेण्यांची, एक पायमोजा खाली आलेली, ती मी. आणि सगळ्यांच्या मागे जो जिना दिसतो तो एकच आहे. कोर्ट, हवेली, इस्पितळ, सगळीकडे तोच. खरा लाकडी होता, हलवता यायचा नाही, म्हणून गोष्टी त्याच्याभोवती लिहायच्या.

फाटकाचं विचारलंस. फाटक चांगलं आहे.

मार्चचं जमेलसं वाटत नाही. तुझ्या काकांचा दातांचा दवाखाना, त्यांचे ते तोंड उघडून बसलेले पेशंट, माझे गुडघे. शिवाय तू लिहिलंयस की मी यावं असं तुला वाटतं. दादाला काय वाटतं ते पत्रात कुठे दिसलं नाही. मी दोनदा वाचलं.

तुझी
आत्या


२ फेब्रुवारी

आत्या,

तू फाटकाच्या खाली काहीतरी लिहून खोडलंयस. मी तो कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला, तुझी खोडाखोड पक्की आहे. मग मी बाबांकडे गेले.

जेवताना विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या आत्याला विचार, तिनेच केलंय." आणि हात धुवायला उठले. ताट अर्धं होतं. मी बेसिनपाशी जाऊन उभी राहिले आणि नळ बंद केला, तेव्हा कुठे बोलले.

तू लग्न करून जायच्या आधीचा तो शेवटचा पिक्चर, म्हणून पाठ तुझी ठरली होती. पण मी तेव्हा चार-पाच महिन्यांची होते, बाबा हवेत होते, आणि त्यांनी ऐन वेळी ठरवलं की आजीने मला खांद्यावर घेऊन फाटकातून जायचं. तसा शॉट घेतला. ट्रायल शोला लोक खूश झाले, हसले, असं बाबांना आठवतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्टेशनवर गेलीस आणि इकडे बाबांनी रीळ लावलं तर आजी नाही, मी नाही, नुसतं फाटक. बाबा म्हणतात, "तिची पाळी मी माझ्या मुलीला दिली, ते तिला लागलं. कापून टाकलं आणि गाडीत बसली." तेव्हापासून त्यांनी तुला विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

मला लहानपणापासून वाटायचं, बाबा आणि आत्या फार गुणाची भावंडं आहेत, कधी भांडत नाहीत. लग्नाकार्यात भेटलात की गाडी वेळेवर होती का, जेवलीस का, झोप झाली का. आता कळलं की तुमचं बोलणंच तेवढं उरलंय.

आता माझी अडचण ऐक. बाबांनी जाहीर केलंय की पाठीची रीत बंद. एवढंच नाही, पहिल्या दिवशी ते फ्लोअरवर पाय ठेवणार नाहीत, वर ऑफिसात बसतील. मी त्यांच्याच मांडीवर बसून शॉट कसा लावायचा ते शिकले, आणि माझ्या पहिल्या शॉटला ते वरच्या मजल्यावर पेपर वाचणार. आत्या, मला तुम्ही दोघंही खाली हवी आहात. पाठ कुणाचीही चालेल असं मी लिहू शकते, पण मग ते तू खोडशील.

खरंच पाळीचं लागलं होतं का तुला?

भिंगरी


७ फेब्रुवारी

भिंगरे,

पाळीचं लागलं म्हणे. तुझ्या बापाला कॅमेरा कळतो, नट कळतात, जिन्यावर उजेड कुठून टाकायचा ते कळतं. माणसाने कात्री का उचलली ते मात्र त्याला बापजन्मात कळलं नाही. हे वाक्य मी खोडणार नाही, त्याला वाचून दाखव.

आता नीट ऐक. त्या पिक्चरची सुरुवात कशी होती? मुलगी कायमची घर सोडून चाललीय. फाटकात माणसं उभी, सगळ्यांचे डोळे भरलेले, सारंगी लावलेली. आणि त्यांच्यामधून आई जाते, पाठमोरी, रीतीप्रमाणे. पाठ अगदी ताठ. आपल्या स्टुडिओत पहिल्या शॉटला सगळी माणसं फक्त पाठीकडे बघायची, ती सवयच होती. अप्पांनी पाठ पाहिली, दादाने पाठ पाहिली, कॅमेरामनने पाठ पाहिली, सगळे म्हणाले वा. खांद्यावर टाकलेलं मूल मागे तोंड करून असतं, हे एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही.

तू थेट कॅमेऱ्यात बघत होतीस, बये. आधी डोळे मोठे केलेस. मग तोंडभर हसलीस, दात एक नाही. मग आईच्या शालीचं टोक तोंडात घातलंस आणि ते चोखत चोखत फाटकातून बाहेर गेलीस. ट्रायलला लोक हसले हे दादाला बरोबर आठवतं. माझ्या शेजारी बसलेले वितरक इतके हसले की त्यांच्या हातातला चहा माझ्या मांडीवर आला. पुढे नायिका दहा मिनिटं रडत होती, आणि लोक तुझी वाट बघत होते. बाळ परत येईल, बाळ परत येईल. आलं नाही म्हणून ते नायिकेवर चिडले.

दादाला हे दिसत नव्हतं. तो नवा बाप होता, त्याला वाटलं लोक त्याच्या लेकीवर फिदा झाले. झालेच होते, तेच तर दुखणं होतं. त्याचा पहिला पिक्चर, आणि पहिल्याच शॉटला बुडत होता. म्हणून त्याच रात्री मी तो शॉट कापला. आज समोर आला तर आजही कापीन. मला वाटलं, सकाळी रीळ पाहील, त्याला समजेल, धावत येईल आणि म्हणेल ठकू, वाचवलंस. मी गाडी सुटेपर्यंत खिडकीतून बघत होते. नाही आला. मग मलाही राग आला. आणि त्या रागाचं पुढे काय करायचं ते दोघांनाही सुचलं नाही, एवढीच ती गोष्ट.

सोबत एक पत्र्याचा डबा पाठवतेय. जपून उघड. एडिटरने कापलेला तुकडा टोपलीत टाकायचा असतो, मी नाही टाकला. माझी आई, खांद्यावर तू, आणि मी परगावी चाललेली. मी तो ट्रंकेत घातला. इतकी वर्षं तो आमच्या कपाटात आहे. मन उदास झालं की मी तो खिडकीशी धरते. तुझे काका दर वेळी भिंग लावून बघतात आणि म्हणतात, खालचा एक दात येऊ घातलाय, लाळ त्याचीच आहे.

दादाला दाखव. बघून झालं की परत पाठव, तो माझा आहे.

आत्या


१८ फेब्रुवारी

आत्या,

डबा आला. मी आधी तुझं पत्र वाचून दाखवलं, ते बापजन्माचं वाक्य दोनदा. बाबा छताकडे बघत होते. मग डबा उघडला. तुकडा पिवळा पडलाय, कडेला थोडा चुरगळलाय, पण बाकी ठणठणीत आहे. बाबांनी तो दोन बोटांत धरून खिडकीशी नेला. एक एक चौकट बघत गेले. आधी आजीची पाठ पाहिली. मग माझ्या तोंडाशी आले, आणि शालीशी आले.

आत्या, बाबा इतके हसले. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग त्यांना खुर्ची लागली. खालून सुतार वर आले, काय झालं म्हणून. बाबा त्यांना तुकडा दाखवत होते आणि म्हणत होते, "अरे, हिने माझा पिक्चर बुडवला होता, बघा, बघा कशी हसतेय." कंबर धरली, तरी हसणं थांबेना. मी शेकायची पिशवी आणली, ती लावून हसले.

मग डोळे पुसून मला म्हणाले, "मी स्टेशनवर का गेलो नाही माहीत आहे?" त्या सकाळी ते तुझ्या एडिटिंगच्या खोलीत होते, जमिनीवर. टोपली उपडी करून एक एक कापलेला तुकडा उजेडात धरून बघत होते. त्यांना तो आजीचा आणि माझा तुकडा हवा होता, आणि तो सापडला की घेऊन धावत स्टेशनवर जायचं, तुझ्यासमोर धरायचा आणि विचारायचं, का? सापडेना, म्हणून शोधत राहिले. गाडीची वेळ निघून गेली. तुकडा तुझ्या ट्रंकेत होता.

म्हणजे तू खिडकीतून त्यांची वाट बघत होतीस आणि ते तुझ्याचसाठी जमिनीवर रांगत होते. मला हसावं की तुम्हा दोघांना कोपऱ्यात उभं करावं, कळत नाही.

आत्याला बोलवा, असं मी म्हटलं. त्यांनी आजोबांचं पेन शोधायला सुरुवात केलीय. पेन टेबलावरच आहे. 

भिंगरी


२१ फेब्रुवारी

चि. ठकू,

तुकडा पाहिला. बरोबर कापला होतास.

पहिला शॉट मार्चच्या बाराव्या तारखेला, सकाळी. फाटक नवीन केलंय, पण सुताराने जुन्याचा फोटो बघून केलंय. जिना तोच आहे. मी खाली फ्लोअरवर असेन. तू असलीस तर.

स्टेशनवर मी स्वतः येईन.

दादा


२७ फेब्रुवारी

दादा,

पत्र मिळालं. "बरोबर कापला होतास" हे तुझे काका (म्हणजे आमचे हे, मी भिंगरीला लिहून लिहून तसंच म्हणायला लागलेय) मोठ्याने वाचून घरभर फिरले. पेशंटलाही ऐकवलं. त्याचं तोंड उघडंच होतं, त्यामुळे त्याला काय वाटलं ते कळलं नाही.

येतेय. आईची शाल आणते. मला कुणी रंगवायचं नाही, पाठीला मेकअप लागत नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीचा आवाज येतो, ती नानाकाकांनी कधी दुरुस्त करू दिली नव्हती. आता केली नसेल तर राहू दे, मला त्या आवाजावर पाय टाकायचाय.

स्टेशनवर येताना कमरेला पट्टा बांध. आणि या वेळी काही शोधत बसू नकोस.

ठकू


१६ मार्च

भिंगरे,

सुखरूप पोचले. तुम्ही दिलेल्या खाऊचा डबा गाडीतच संपला, शेजारची बाई चांगली होती.

घर सुटत नाहीये डोळ्यांसमोरून. दादा स्टेशनवर गाडीच्या कितीतरी आधी येऊन बसला होता, हे हमालाने सांगितलं. मग माझी पिशवी घेण्यावरून आमची जी झोंबाझोंबी झाली, तीत त्याची कंबर आणि माझे गुडघे दोन्ही कुरकुरले. टॅक्सीत तो बोलला, मीही बोलले, एकाच वेळी. टॅक्सीवाल्याने रेडिओ बंद केला आणि ऐकत बसला. आम्ही दोघं किती जुनं जुनं बोललो आणि किती हसलो, झोपेतसुद्धा माझे गाल दुखत होते.

पण मी कामाचं लिहायला बसलेय. तुझा शॉट मी बिघडवला. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून तेव्हा बोलले नाही. मी फाटकातून आत गेले, अंगण ओलांडलं, जिन्याला लागले, तिसरी पायरी वाजली, सगळं नीट चाललं होतं. आणि मागून दादा म्हणाला, "ठकू, खांदे सैल सोड." अगं, मला ठकू म्हणणारं माणूस त्या घरात आता दुसरं कुणी उरलेलं नाही. पत्रात वाचणं वेगळं. मी इतक्या वर्षांनी ते त्याच्या तोंडून ऐकलं, आणि वळले. वळून हसले. कॅमेऱ्यात, थेट. आईच्या खांद्यावरून तू केलं होतंस तेच मी या वयात केलं. दात चांगले दिसले असतील, ते तुझ्या काकांनी बसवलेत.

दुसरा टेक व्यवस्थित झाला, मी मुद्दाम मॉनिटरवर पाहून घेतला. तोच लाव. दादाला सांग, ही बहीण म्हणून नाही, एडिटर म्हणून सांगतेय. ओळख ना पाळख अशी एक म्हातारी पहिल्याच शॉटला वळून हसली, की लोक पिक्चरभर तिची वाट बघत बसतात. आपण हे एकदा पाहिलंय. शिवाय अप्पांची रीत आहे. कात्री लाव, मला काही वाईट वाटणार नाही.

आत्या


२९ मार्च

ठकू,

भिंगरीने तुझं पत्र मला दिलं आणि म्हणाली, तुम्हीच उत्तर लिहा, मी आता तुमच्यामध्ये पडणार नाही. काल सुरुवात जोडली. तिने, मी आणि नव्या कॅमेरामनने बघितली. तो आता पाठीकडे नीट बघायला शिकलाय.

दुसरा टेक उत्तम आहे. खांदे सैल, चाल अगदी आईची. अप्पा खूश झाले असते. तो कापला. आता रीळ नसतं, म्हणून कागदावर छापून घेतलाय आणि तुझ्याच पत्र्याच्या डब्यात घालून पाठवतोय. आईचा तुकडा मी ठेवून घेतला, रागावू नकोस. लांब भिंतीवर, नुसत्या फाटकाचा फोटो होता तिथे तो लावलाय, मागून दिवा सोडून. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तिथे थांबून हसतो. तुझ्या यजमानांना सांग, दाताचं मीही बघितलं. खालचा येतोच आहे.

पिक्चरमध्ये पहिला टेक राहील. तू वळलेली, हसलेली. भिंगरीने पाठीच्या रीतीचं विचारलं, तिला म्हटलं अप्पांना मी समजावीन.

तू लिहितेस, लोक पिक्चरभर तिची वाट बघत बसतील. बसू देत. मी बसलोच होतो की.

दादा